बौद्धिक अक्षम व्यक्तींची निवासगृहे व त्यांचे नियमन

ज्या व्यक्तींची बौद्धिक वाढ बालपणापासूनच अपुरी राहिलेली असते आणि त्यामुळे ज्यांना दैनंदिन व्यवहारात इतरांच्या साहाय्यावर अवलंबून राहावे लागते, अशांच्या निवासाची, संगोपनाची व शिक्षणाची सोय कुटुंबाबाहेर ज्या संस्थांत केली जाते, त्यांना सामान्यतः निवासगृहे म्हणतात. अशा संस्था कोणी काढाव्यात, त्यांत किती जणांस ठेवावे, त्यांच्या अन्नपाण्याची, औषधोपचाराची व सुरक्षिततेची जबाबदारी कोणावर असावी, यांविषयी शासनाने घालून दिलेले नियम आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारी यंत्रणा, या दोहोंचा अंतर्भाव नियमन या संज्ञेत होतो. रुग्णालय किंवा वसतिगृह यांच्या नियमनाहून हा विषय मूलतः वेगळा आहे. रुग्ण बरा होऊन घरी जातो, विद्यार्थी शिक्षण संपवून बाहेर पडतो. निवासगृहातील व्यक्ती मात्र पुष्कळदा जन्मभर तेथेच राहते. शिवाय स्वतःवर झालेला अन्याय तिला नेहमीच शब्दांत सांगता येत नाही. बहुतेक सर्व नियमनाचा पाया तक्रार हा असतो. येथे तोच पाया कच्चा आहे.

या व्यक्तींना उद्देशून वापरल्या जाणाऱ्या संज्ञा काळानुसार बदलत गेल्या. जुन्या कायद्यांतील ‘जड’ व ‘मूढ’ या अर्थाच्या शब्दांची जागा पुढे मनोदुर्बल, मतिमंद या शब्दांनी घेतली. ‘मतिमंद’ हा शब्द अनेक संस्थांच्या नावांत अद्याप टिकून आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात बौद्धिक अक्षमता ही संज्ञा स्वीकारलेली आहे. मनोविकार व बौद्धिक अक्षमता या दोन भिन्न अवस्था होत. मनोविकार कोणत्याही वयात उद्‌भवू शकतो व त्यावर उपचार होऊ शकतात, तर बौद्धिक अक्षमता ही वाढीच्या काळापासूनची स्थायी अवस्था असते. हा भेद वैद्यकाला फार पूर्वी कळला होता; कायद्याला तो उशिरा कळला, आणि त्या विलंबाचे परिणाम नियमनाच्या इतिहासात ठळकपणे दिसतात.

इतिहास : १८५८ साली हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा झाला व त्यानंतर विविध प्रांतांत अशी इस्पितळे उघडली गेली. नागपूरचे इस्पितळ १८६४ मध्ये स्थापन झाले व आजही विदर्भाचे प्रादेशिक मनोरुग्णालय तेच आहे. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक अधिनियमाने ‘वेडा’ या शब्दाच्या व्याख्येत जन्मजात जड व्यक्तीचाही समावेश केला. म्हणजे ज्यास उपचारांची नव्हे, तर शिकवणुकीची व सोबतीची गरज होती, त्याचीही रवानगी कायद्याने वेड्यांच्या इस्पितळातच होऊ शकत असे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये १९१३ साली मनोदुर्बलांसाठी स्वतंत्र कायदा झाला. हिंदुस्थानात तसा प्रयत्न झाला नाही. १९१२ च्या कायद्यातील एक तरतूद मात्र उल्लेखनीय होती. प्रत्येक इस्पितळासाठी बाहेरच्या अभ्यागतांची नेमणूक करून त्यांनी ठराविक काळाने आतील परिस्थिती पाहावी, असे त्यात सांगितले होते. पुढच्या काळातील तपासणी समित्यांचे मूळ या कल्पनेत शोधता येते.

मनोदुर्बल मुलांसाठी वेगळी निवासी सोय मुंबईत प्रथम झाली. तेथील चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्द येथे १९४१ मध्ये अशा मुलांचे गृह सुरू केले. १९४४ मध्ये वकील कुटुंबाने काढलेल्या शाळेतून पुढे जय वकील ही संस्था विकसित झाली. स्वातंत्र्योत्तर काळात स्त्रिया व बालके यांच्या संस्थांना अनुज्ञप्ती आवश्यक करणारा कायदा १९५६ मध्ये आणि अनाथालये व इतर धर्मादाय गृहे यांच्यावर देखरेख ठेवणारा कायदा १९६० मध्ये झाला. हे कायदे निराश्रितांच्या दृष्टीने लिहिलेले होते. बौद्धिक अक्षमता हा त्यांचा विषय नव्हता. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने, जो १ एप्रिल १९९३ पासून अंमलात आला, बौद्धिक अक्षमतेस मनोविकाराच्या व्याख्येतून वगळले. तत्त्वतः ते योग्यच होते. परंतु एका घरातून बाहेर काढलेल्या माणसासाठी दुसरे घर तयार नव्हते. प्रौढ बौद्धिक अक्षम व्यक्तींच्या निवासगृहांस उद्देशून लिहिलेला कोणताही कायदा त्यानंतर काही वर्षे अस्तित्वात नव्हता.

शिरूर प्रकरण : नेमक्या याच काळात, १९९४ च्या फेब्रुवारी महिन्यात, पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील मतिमंद मुलींच्या शासकीय गृहातील काही मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीच्या काळात या मुलींना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री संघटना व आरोग्य क्षेत्रातील कार्यकर्ते यांनी तीव्र विरोध केल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या. या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा वैद्यकीय नीतीच्या अंगाने झाली. संमती कोणी दिली व ती देण्याचा अधिकार कोणास होता, हा तिचा मुख्य भाग होता. नियमनाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. हे गृह कोणा अनोंदणीकृत खाजगी व्यक्तीचे नव्हते. पालक, चालक, रुग्णालय व देखरेख करणारा अधिकारी या चारही भूमिका शासनाकडेच होत्या, आणि म्हणून ‘हे करू नका’ असे सांगणारा त्या साखळीत कोणी उरला नव्हता. मुलींना पाळीच्या दिवसांची काळजी घ्यायला शिकविणे शक्य असते. त्यासाठी पुरेशा सेविका व पुष्कळ धीर लागतो. सेविकांची उणीव शस्त्रक्रियेने भरून काढण्याचा तो प्रयत्न होता, असेच म्हणावे लागते.

दुसऱ्याच वर्षी झालेल्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमात (१९९५, अंमल ७ फेब्रुवारी १९९६ पासून) अपंगांच्या संस्थांना नोंदणी सक्तीची करणारे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. मात्र केंद्र वा राज्य शासनाने स्थापन केलेल्या किंवा चालविलेल्या संस्थांना ते लागू नाही, असेही त्याच प्रकरणात नमूद केले गेले. २०१६ च्या अधिनियमानेही ही सूट कायम ठेवली आहे. शिरूरचा अनुभव ताजा असताना १९९५ मध्ये ही सूट दिली गेली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

प्रचलित व्यवस्था : महाराष्ट्रात या निवासगृहांचे नियमन दोन समांतर मार्गांनी चालते व निवासी व्यक्तीचे वय हा त्यांतील मुख्य विभाजक आहे. अठरा वर्षांखालील, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची गृहे बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली येतात व ती महिला व बालविकास विभागाच्या कक्षेत असतात. प्रौढांची निवासगृहे, तसेच विशेष निवासी शाळा व कर्मशाळा या दिव्यांग कल्याण विभागाकडे असतात; हा विभाग राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र झाला, तत्पूर्वी हे काम सामाजिक न्याय विभागात होत असे. दोन्ही विभागांची आयुक्तालये पुण्यास आहेत.

या दोन मार्गांची कठोरता सारखी नाही. बाल न्याय अधिनियमाप्रमाणे बालगृह शासनाचे असो वा स्वयंसेवी संस्थेचे, नोंदणी सर्वांनाच बंधनकारक असते. नोंदणी पाच वर्षांसाठी असते. नोंदणी न केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि तीस दिवसांचा प्रत्येक विलंब हा स्वतंत्र अपराध मानला जातो. बालकल्याण समितीने निवासी संस्थांना महिन्यातून किमान दोन भेटी द्याव्यात, असेही कायदा सांगतो. उलट, प्रौढांच्या निवासगृहाने नोंदणी न करता काम केल्यास २०१६ च्या अधिनियमातील सर्वसाधारण दंडाची तरतूद लागू होते : पहिल्या वेळी कमाल दहा हजार रुपये, त्यानंतर पन्नास हजार ते पाच लाख रुपये. दिव्यांग व्यक्तीला मारहाण करणे, अन्नपाणी जाणूनबुजून नाकारणे इ. कृत्यांसाठी सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची वेगळी तरतूद आहे. परंतु ती कृत्य घडून उघडकीस आल्यानंतरची. आपल्या निवासीचे वय सतरा वर्षे अकरा महिने असताना जो कायदा चालकास तुरुंगाचे भय घालतो, तोच एका महिन्याने किरकोळ दंडावर येतो. बौद्धिक अक्षम व्यक्तीच्या आकलनात वा असहायतेत त्या एका महिन्यात काहीच बदललेले नसते.

नोंदणी या शब्दाविषयी एक व्यावहारिक गैरसमज आढळतो. सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० किंवा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याखाली संस्थेची नोंद झालेली असली, म्हणजे निवासगृह चालविण्याची परवानगी मिळाली असे अनेक चालक व देणगीदारही समजतात. धर्मादाय आयुक्तांच्या नोंदणीने केवळ न्यासाचे अस्तित्व व त्याचा हिशेब यांची दखल घेतली जाते. त्या न्यासाच्या इमारतीत रात्री किती माणसे झोपतात, याच्याशी तिचा संबंध नसतो. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील नोंदणी ही आणखी तिसरीच गोष्ट होय. मुलास निवासगृहात ठेवू इच्छिणाऱ्या पालकाने दाराजवळच्या पाटीवरील क्रमांक कोणत्या कायद्याखालचा आहे, हे विचारून घेणे श्रेयस्कर.

अटी शासनाने पाहाव्यात त्या साधारणतः मोजता येण्याजोग्या असतात. बालगृहांच्या नियमांत प्रत्येक मुलामागे शयनकक्षात ४० चौरस फूट जागा अपेक्षित आहे. मुले व मुली यांची सोय वेगळी असावी लागते. आहार, औषधे, हजेरी यांच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात. विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे (अधिनियम १९९२) नोंदलेला असावा लागतो. फूट व नोंदवह्या तपासणे सोपे असते. एखादा निवासी सेविका जवळ येताच अंग चोरतो का, कोणाच्या मनगटावर बांधल्याच्या खुणा आहेत का, सायंकाळी सहा वाजताच सर्वांना औषध देऊन झोपविले जाते का, या गोष्टी तक्त्यात बसत नाहीत आणि पूर्वसूचना देऊन केलेल्या दुपारच्या भेटीत दिसतही नाहीत.

२०१० साली ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहात मुले कुपोषणाने दगावल्याचे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली व राज्यातील अशा गृहांच्या पाहणीसाठी समन्वय समिती नेमली गेली. पनवेलजवळच्या कळंबोली येथील निवासगृहात मुलींवर होत असलेले लैंगिक अत्याचार २०११ मध्ये उघडकीस आले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह अन्य काहींना दोषी ठरविले. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाने अशा मुलांची साक्ष घेताना न्यायालयास विशेष शिक्षकाचे साहाय्य घेता येईल, अशी तरतूद केली. ज्याचे बोलणे परक्याला कळत नाही त्याचेही म्हणणे ऐकता येते, त्यासाठी ते ऐकण्याचे शिक्षण घेतलेला माणूस लागतो, हे त्या तरतुदीमागील तत्त्व आहे. तपासणीच्या पथकांत असा शिक्षक असण्याची गरज त्याहूनही अधिक आहे. न्यायालयापर्यंत फार थोडी प्रकरणे पोहोचतात. दिल्लीतील आशा किरण हे निवासगृह तर तेथील शासनाचेच. जुलै २०२४ मध्ये तेथे अल्पावधीत अनेक निवासी मृत्युमुखी पडले.

अठरा वर्षांनंतरचा प्रश्न : वऱ्हाडात या विषयाला स्वतःचा चेहरा मिळाला तो अमरावती जिल्ह्यातील वझ्झर (ता. अचलपूर) येथे. गाडगेमहाराजांच्या विचारांनी प्रेरित झालेले शंकरबाबा पापळकर यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याजवळ, अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने बेवारस मतिमंद व मूकबधिर मुलांचे बालगृह चालविले. रेल्वेस्थानके, बसस्थानके, उकिरडे अशा ठिकाणी टाकून दिलेली ही मुले पोलिस व बालकल्याण यंत्रणा यांच्यामार्फत राज्याच्या निरनिराळ्या भागांतून तेथे आली. १२३ मुलांच्या नावापुढे पिता म्हणून पापळकर यांनी आपले नाव लावले. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला.

वझ्झरचे महत्त्व नुसत्या सेवाभावात नाही. बालगृहातील मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते बालक राहत नाही व त्याने बालगृह सोडावे, अशी अपेक्षा असते. अनुरक्षणाची सोय एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे, नियमांत ठेवलेली आहे. ज्या मुलाचे बुद्धिवय चार-पाच वर्षांचे आहे व ज्यास आई-बाप नाहीत, त्याने तेविसाव्या वर्षी कोठे जावे, याचे उत्तर त्या नियमांत नाही. अठरा वर्षांनंतर ही बेवारस मुले जातात कोठे, हा प्रश्न पापळकर अनेक वर्षे शासनास विचारत आले असून अशा मुलांना त्याच संस्थेत आजन्म राहता यावे, असा कायदा व्हावा ही त्यांची मागणी आहे. ही मागणी वरवर सोपी वाटली, तरी तिच्यात नियमनाची एक खरी अडचण दडलेली आहे. एकाच छपराखाली आठ वर्षांचे मूल व चाळीस वर्षांचा पुरुष राहू लागला, की बालकांच्या संरक्षणाचे नियम ढिले पडण्याचा धोका संभवतो. तो टाळण्यासाठी त्याच आवारात प्रौढांचा वेगळा विभाग, वेगळी नोंदणी व ओळखीचीच माणसे अशी रचना करता येते. वयाच्या दाखल्यावर बोट ठेवून स्थलांतर करण्यापेक्षा ती अधिक मानवी ठरते. ओळखीचा दरवाजा, ओळखीची थाळी व ओळखीचा आवाज यांवर ज्याचे सर्व जग उभे असते, त्यास एका रात्रीत दुसऱ्या जिल्ह्यात हलविणे ही गोष्ट कागदोपत्री बदली असते; त्याच्या दृष्टीने तो सर्वस्वाचा नाश असतो.

हीच अडचण नोंदणी रद्द करताना येते. अटींचा भंग झाल्यास नोंदणी रद्द करून निवासींना पालकांच्या स्वाधीन करावे किंवा दुसऱ्या संस्थेत हलवावे, असे २०१६ चा अधिनियम सांगतो. पालक नसतील व दुसऱ्या संस्थेत जागा नसेल, तर अधिकाऱ्याच्या हातातील हे एकमेव शस्त्र चालविता येत नाही, आणि चालकांनाही ते ठाऊक असते. इशारा, मुदत, तात्पुरता प्रशासक अशा मधल्या पायऱ्या असल्याशिवाय कठोर कायदा व्यवहारात मवाळ होतो.

जुन्या शहरांतील स्थिती : अकोल्यासारख्या गावात निवासगृहाची गरज कशी निर्माण होते, हे पाहण्याजोगे आहे. मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर असदगड किल्ल्याच्या आश्रयाने वाढलेले जुने शहर हे वाड्यांचे व अरुंद गल्ल्यांचे शहर. अशा वस्तीत बौद्धिक अक्षम मूल एकत्र कुटुंबात वाढे. ओट्यावर बसलेला हा मुलगा कोणाचा, हे साऱ्या गल्लीस ठाऊक असे व चुकून दूर गेला तर कोणीतरी त्यास हाताला धरून घरी आणून सोडी. ही व्यवस्था आदर्श होती असे नाही. मुलास दाराआड ठेवण्याचे, त्यास चिडविण्याचे प्रकारही होतच. पण ती होती. वाड्यांच्या वाटण्या झाल्या, भावंडे नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेली, आणि साठी-सत्तरीतील आई-वडिलांपुढे ‘आमच्या मागे याचे काय’ हा प्रश्न उभा राहिला. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख बौद्धिक अक्षम व्यक्तींची नोंद झाली होती. त्यांतील बहुसंख्य आजही घरीच आहेत.

अशा गल्लीतच पाच-सहा जणांचे लहान निवासगृह काढावे, असे एखाद्या पालकगटास वाटले, तर ते सुलभ नाही. महानगरपालिकेची बांधकाम परवानगी, अग्निशामक दलाचा ना-हरकत दाखला, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, मोकळी जागा या अटी जुन्या वाड्यात पुऱ्या होणे कठीण असते. त्या अनाठायी नव्हेत. माळवदाच्या वाड्यात आग लागली, तर जिन्यावरून धावता न येणाऱ्यांचे काय होईल याची कल्पना करता येते. परिणाम मात्र असा होतो की निवासगृहे गावाबाहेर, स्वस्त जमिनीवर, मोठ्या संख्येने निवासी घेऊन उभी राहतात. तेथे नातेवाईक क्वचित येतात, शेजार नसतो, आणि तपासणी अधिकाऱ्याची गाडीही वर्षातून एखादेवेळीच वळते. शेजाऱ्याच्या खिडकीइतकी नियमित तपासणी कोणतीही समिती करू शकत नाही.

मोठ्या संस्थांचा अनुभव पाश्चात्त्य देशांनी आधी घेतला. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक ही शासकीय संस्था सुमारे चार हजार निवासींसाठी बांधलेली असता १९६० नंतरच्या दशकात तेथे सहा हजारांवर व्यक्ती कोंबलेल्या होत्या. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवरून तेथील दृश्ये प्रसारित झाल्यावर न्यायालयीन लढा झाला, १९७५ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला व १९८७ मध्ये संस्था बंद पडली. स्कँडिनेव्हियन देशांत, विशेषतः डेन्मार्कमध्ये १९५९ च्या कायद्यापासून, या व्यक्तींचे जीवन शक्य तितके इतरांसारखे असावे हे तत्त्व स्वीकारले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात समाजात राहण्याचा हक्क मान्य झाला. भारताने त्यास २००७ मध्ये अनुसमर्थन दिले व २०१६ च्या अधिनियमात तो हक्क उतरला. राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या आजीवन निवासाची योजना आणि पालकांनीच एकत्र येऊन उभारलेली बदलापूरची ‘आधार’ ही संस्था भारतीय परिस्थितीतील प्रयत्न होत.

पालकत्व व मालमत्ता : वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबांत निवासगृहाच्या प्रश्नाला सातबाऱ्याची एक बाजू असते. वडिलांच्या मृत्यूनंतर बौद्धिक अक्षम मुलाचे नाव वारस म्हणून जमिनीला लागते. त्यास निवासगृहात ठेवणारा भाऊ पुष्कळदा त्या जमिनीचा सहहिस्सेदार असतो. मूल सज्ञान झाल्यावर आई-वडिलांचेही नैसर्गिक पालकत्व संपते, ही गोष्ट अनेकांना बँकेत किंवा तलाठ्याकडे गेल्यावरच प्रथम कळते. राष्ट्रीय न्यास अधिनियमाप्रमाणे अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक पातळी समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. या समितीत जिल्हाधिकारी किंवा तत्सम दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत पाल्याच्या स्थावर मालमत्तेची यादी सादर करावयाची असते व दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावयाचा असतो. पालक पाल्याकडे दुर्लक्ष करीत असल्यास किंवा मालमत्तेचा अपहार करीत असल्यास त्यास दूर करण्याचा अर्ज आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. निवासगृहाच्या चालकासही म्हणून आपल्याकडील प्रत्येक निवासीचा पालक कोण, त्याची नेमणूक कोणत्या तारखेची व तो शेवटचा केव्हा भेटून गेला, याची नोंद ठेवणे आवश्यक ठरते. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने आधी उघडावी अशी वही तीच होय.